रांजणाचा जुना सांधा

मावशींनी रांजणाच्या गळ्यावरून ओला कापूस शेवटचा फिरवला, दोन पावलं मागे सरकल्या आणि मान तिरकी करून पाहिलं. सांधा कुठेच दिसत नव्हता. खिडकीतला उजेड रांजणाच्या पोटावरून सरळ खाली उतरत होता.

"आता पुरे," त्या स्वतःलाच म्हणाल्या. "जास्त बघितलं तर आपलीच नजर लागायची."

एकशे बारा खापरं आणि आठ महिने. त्यातले तीन आठवडे तर खांद्यापासून पोटापर्यंत उतरणाऱ्या एका फटीनेच खाल्ले होते. तिने मावशींचा अक्षरशः घाम काढला होता.

नदीकाठच्या या उत्खननात पत्र्याच्या शेडमध्ये त्या तीस वर्षं खापरं जोडत होत्या. सगळे त्यांना डिंकमावशी म्हणत. चार हजार वर्षांपूर्वी याच काठावर राहून गेलेल्या लोकांविषयी त्या अशा बोलत, जणू ते पलीकडच्या गल्लीत राहायचे. त्यांच्या राजाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, लिहिलेलं कुणाला वाचता येत नव्हतं. पण घराघरातून निघणारी गटारं झाकलेली होती, आणि विटा सगळ्या एका मापाच्या. हा रांजणच बघा ना, कमरेएवढा उंच, भिंत मात्र जेमतेम बोटाएवढी जाड. भट्टीत आच कशी सांभाळली असेल, या विचाराने मावशी आजही थक्क व्हायच्या.

चार वाजता ट्रक येणार होता. रांजण शहरातल्या संग्रहालयात जाणार होता आणि रविवारी प्रदर्शन उघडणार होतं. काचेआड लावायचं कार्ड टेबलावर तयार होतं. त्यावर शेवटच्या ओळीत 'जोडणी' असं लिहून पुढे मावशींचं नाव होतं. तीस वर्षांत पहिल्यांदाच. रविवारी लेक, जावई आणि नात ते पाहायला येणार होते. लेकीने लहानपणी शाळेत सांगितलं होतं, "माझी आई फुटकी भांडी चिकटवते," आणि सगळा वर्ग हसला होता. लेक ते विसरली असेल. मावशी विसरल्या नव्हत्या.

"मावशी, जरा इकडे येता?"

दारात पेन्सिलराव उभे होते. प्रत्येक खापर धुऊन झालं की मावशींच्या टेबलावर जाण्याआधी त्याचं चित्र काढायचं, हे त्यांचं काम. कानामागे कायम पेन्सिल, म्हणून हे नाव.

"काय झालं? गळा वाकडा काढलात की काय?"

एरवी कुठल्याही विनोदावर हसणारे पेन्सिलराव हसले नाहीत. त्यांनी मोठा कागद टेबलावर पसरला. आठ महिन्यांत काढलेली सुटी चित्रं त्यांनी आज पहिल्यांदाच एकत्र चिकटवली होती.

"ही ती तुमची फट. आणि हे ठिपके बघा."

ठिपके फटीच्या दोन्ही बाजूंना होते. एकासमोर एक. मावशींनी बोटाने मोजले. सात जोड्या.

"भोकं आहेत ही," पेन्सिलराव हळूच म्हणाले. "मुद्दाम पाडलेली."

मावशींना प्रत्येक ठिपका ओळखीचा होता. मातीत खडा राहिला की भट्टीत तो उडतो आणि मागे खळगा राहतो. तसलेच खळगे समजून, गाळाने गच्च भरलेली ही चौदा भोकं त्यांनी प्लास्टरने बुजवली होती, वर रंगही दिला होता. बाकीचे लोक आधी खापरं जोडतात, मग खळगे भरतात. मावशी प्रत्येक खापर आधी नीटनेटकं करून मगच जोडायला घेत. या सवयीचा त्यांना केवढा अभिमान! एक खापर पावसाआधी आलं, एक थंडीत. समोरासमोर त्या भोकांना त्यांनी पाहिलंच नव्हतं.

आणि ती फट. तिच्या कडा गुळगुळीत होत्या, एकमेकींत बसतच नव्हत्या. आता कळलं का ते. रांजण वापरात असतानाच तडकला होता. कुणीतरी दोन्ही बाजूंना भोकं पाडून, दोर ओवून तो आवळला होता, आणि त्यानंतरही वर्षानुवर्षं वापरला होता.

मावशी स्टुलावर बसल्या.

"एका भोकात काळं काहीतरी होतं. वाळलेलं. मी टाचणीने कोरून काढलं. घाण समजून."

"डांबर असेल?"

"फट बुजवायला लावलं असणार. डिंक होता हो तो. मी पुसून टाकला."

पेन्सिलरावांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा.

"हे बघा मावशी, भोकं माझ्या चित्रात आलीत, अहवालात जातील. रांजण आहे तसा जाऊ दे. काचेआड कुणाच्या बापाला कळणार आहे?"

"मला."

"आता उकरायला घेतलंत तर चारपर्यंत होणार नाही. मोठ्या बाई याच्याऐवजी त्या टेबलावरचं लहान मडकं पाठवतील. आठ महिने राबलात, नाव लागतंय..."

मावशींनी टाचणी उचलली होती.

पहिल्या दोन जोड्या मोकळ्या व्हायलाच तास गेला. भोकं बाहेरून रुंद आणि आत निमुळती होत गेलेली, सगळी एका अंतरावर. पाचव्या जोडीपाशी मावशींचं बोट थांबलं. भोकाशेजारी आणखी एक खळगा होता, अर्धवट पाडलेला.

"इथे घाबरला," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"ज्याने केलं तो. किंवा ती, देव जाणे. इथे पाडायला घेतलं, माती भुगा व्हायला लागली, हात थांबला. मग केसभर बाजूला सरकून पुन्हा सुरुवात केली."

पुन्हा त्या खळग्यावर वाकताना आपण श्वास रोखून धरलाय, हे त्यांच्या लक्षात आलं. नाजूक खापर बसवताना त्या नेहमी तसंच करत. या माणसाला शाबासकी द्यावी की त्याच्याकडून घ्यावी, हेच त्यांना कळेना.

शेवटच्या भोकात प्लास्टरखाली मोहरीएवढा काळा कण चिकटून राहिला होता. त्याला त्यांनी हात लावला नाही.

साडेतीनला उत्खननाच्या प्रमुख, मोठ्या बाई, आत आल्या आणि दारातच थबकल्या. फट उघडी पडली होती, टेबलावर प्लास्टरचा चुरा होता.

"हे काय मावशी?"

मावशींनी सगळं सांगितलं. आपली सवय, टाचणी, पुसलेलं डांबर. काही झाकलं नाही. बाई बराच वेळ वाकून बघत होत्या.

"या चुकीची नोंद करावी लागेल."

"करा."

"आणि हा आज जाणार नाही."

"माहीत आहे."

ट्रक लहान मडकं घेऊन गेला. बाईंना सोबत जायचं होतं, पण त्यांनी ड्रायव्हरला पुढे व्हायला सांगितलं, स्टूल ओढलं आणि भिंग मागवलं.

"दोर कसा ओवला असेल हो, मावशी?"

"अहो, एकटीच्या हाताचं काम नाही. आतून कुणीतरी धरलेलं असणार. थांबा, दाखवते."

मावशींनी बाईंचा हात धरून रांजणाच्या आत घातला.

संध्याकाळी सगळे गेल्यावर ते कार्ड टेबलावर तसंच पडलेलं होतं. पेन्सिलरावांची विसरलेली पेन्सिल घेऊन मावशींनी आपल्या ओळीच्या वर लिहिलं, 'पहिली जोडणी: नाव माहीत नाही.' खालच्या ओळीत 'जोडणी'च्या आधी 'दुसरी' घातलं. मग लेकीला फोन लावला.

"रविवारी शहरात जाऊ नका. इकडेच या, शेडवर."

"का गं? नाव नाही लागलं का तुझं?"

"लागलंय की. दुसरा नंबर आहे माझा."

"दुसरा? मग पहिला कुणाचा?"

मावशी रांजणाजवळ गेल्या. काळा कण जागेवर होता.

"ये तर खरं," त्या म्हणाल्या. "ओळख करून देते."