सलामीची पुंगळी

लेथवाल्या काकांचा हट्ट म्हणजे हट्ट! झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्यांपासून ते शोभेची काडतुसं बनवत. पुंगळी धुवायची, बुडाची जळकी टोपी काढून रबर बसवायचं, तोंडाला पितळेची गोळी. दिसायला अगदी खरं. मग पोटात आरपार भोक! गिऱ्हाइकाने त्यातून बघून स्वतःच्या तोंडाने "रिकामं" म्हटलं, तरच माल हातात. लोक त्यांना भोकमास्तर म्हणायचे. म्हणेनात का, काकांचं काय जातंय!

त्या दिवशी एक म्हातारी सुनेला घेऊन दुकानात आली. तिने रुमालातून पुंगळी काढली.

"माझ्या मुलाला शेवटची सलामी दिली ना, त्यातली आहे. त्याच्या फोटोपुढे ठेवायचीय. पुरी करून दे, बाबा. पण भोक पाडायचं नाही हं."

"मग नाही जमायचं, आजी. घरात लहान कोणी आहे?"

"माझी मुलगी," सून म्हणाली. "हाताला लागेल ते खेळायला घेते. उद्या खरं काडतूस सापडलं तर तिला दोन्ही सारखीच. आई, भोक नसेल तर मी हे घरात ठेवू देणार नाही."

म्हातारी कडाडली, "माझ्या पोराला पडलं तेवढं भोक पुरे नाही झालं? आता त्याच्या आठवणीलाही पाडता?"

अशा बाईला नियम सांगायचा म्हणजे जिवावर येतं हो! जाऊ दे, एकदा नाही पाडलं तर काय होतंय, असंही काकांना वाटून गेलं. पण ती पोर डोळ्यांपुढून हलेना. त्यांनी पुंगळी पुन्हा रुमालात ठेवली.

"हव्या तेवढ्या शिव्या द्या, आजी. पण आत काय आहे ते बघणाऱ्याला दिसलंच पाहिजे."

"दिसलं पाहिजे?" म्हातारीचा आवाज एकदम खाली आला. "मला कुठं दिसू दिलं? पेटी बंदच आणली. म्हणाले, माई, उघडू नका. नुसत्या लाकडावरून हात फिरवला मी. अजून वाटतं, आत तो नव्हताच. दार वाजलं की उठून बसते."

सून भिंतीकडे बघत होती. बघता बघताच म्हणाली, "होता, आई. ओळख पटवायला मला बोलावलं होतं. मी बघितलं. तोच होता."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्ही दाराकडे बघत बसायचात. माझी जीभच उचलायची नाही."

काकांनी उगाचच चिंधीने लेथ पुसायला घेतला. म्हातारी सुनेकडे वळली. आता ही फटकन काहीतरी बोलणार, असं काकांना वाटलं.

"एकटीनं बघितलंस गं?" म्हातारी म्हणाली.

सुनेने होकाराची मान हलवली आणि मग तिला रडू आवरेना. म्हातारीने तिला स्टुलावर बसवलं, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसंच उभ्याउभ्या काकांना म्हणाली, "पाड बाबा भोक."

काम झालं. काकांनी काडतूस पुढे केलं. डोळे पुसून सून उठली, सवयीने तिनेच हात पुढे केला. म्हातारीने तो हलकेच बाजूला सारला.

"तू नको. या वेळी मी बघते."

तिने काडतूस उजेडाकडे धरलं, एक डोळा मिटला आणि बराच वेळ आत बघितलं.

"रिकामं," ती म्हणाली.