बेडकाची बाजू

पहिली चकती व्यापाऱ्याच्या चहाच्या कपावर बसली. दुसरी कपाटाखाली गेली. तिसरी त्याच्या नातवाच्या हातातून निसटून त्याच्याच पायावर पडली आणि पोरगं भोकाड पसरून आजीकडे गेलं.

चकती तळहाताएवढी, सपाट, हिरव्या प्लास्टिकची. एका बाजूला उठावाचा बेडूक, दुसरी बाजू कोरी. काठावर तर्जनी अडकवायला एक खाच, एका टोकाला खोल आणि दुसरीकडे निमुळती होत गेलेली. बोट खोल टोकाला अडकवून मनगटाला झटका दिला की चकती गिरकी घेत जमिनीवरच्या रिंगणात पडावी, असा खेळ होता. गोल चकत्या बाजारात हव्या तेवढ्या होत्या. खाचेची एकही नव्हती, म्हणून तर व्यापाऱ्याने नमुने मागवले होते.

चकतीचं चित्र काढणारा माणूस भिंतीला टेकून उभा होता, पण स्वस्थ नव्हता. घरात त्याला चुळबुळ्या म्हणत. हे नाव मोठ्या बहिणीने लहानपणीच ठेवलं होतं आणि त्याने ते आजवर राखलं होतं. साचा त्या बहिणीनेच कापला होता. बेडूक वर ठेवा, बेडूक वर, असं तो व्यापाऱ्याच्या नातवंडांना पुन्हा पुन्हा सांगत होता. ती इमानाने बेडूक वर ठेवत होती आणि चकत्या भलतीकडे जात होत्या.

शेवटी त्याने आपल्या मुलीला पुढे केलं. तिने चारही चकत्या रिंगणात टाकल्या, एकीवर एक.

व्यापारी रुमालाने चहा पुसत तिच्याकडे बघत राहिला. "पोर डावरी आहे तुमची," तो म्हणाला. "माझं गिऱ्हाईक डावरं नाही."

घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि म्हणूनच कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. खाच घेतली होती ती मुलीच्या बोटावरून. तिने मातीचा गोळा मुठीत दाबला, बापाने त्यावरून रेघ काढली, आत्याने ती पोलादात उतरवली. प्रत्येक नमुना मुलीनेच फेकून बघितला, कारण घरात तिचाच नेम चांगला आणि कल्पना फुटू नये म्हणून शेजारच्या पोरांना दाराशी फिरकू द्यायचं नाही असं ठरलं होतं. वहीपासून कात्रीपर्यंत सगळं उजव्यांच्या सोयीचं असतं, ही एक वस्तू तुझ्या हाताची, असं बापाने तिला कबूल केलं होतं.

व्यापाऱ्याने उद्या दुपारपर्यंतची मुदत दिली. खाच काढून साध्या गोल चकत्या आणा, नाहीतर राहू द्या.

तिथून बापलेक थेट कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे एक खोली, एक यंत्र आणि बहीण. तिने ऐकून घेतलं, साचा उघडला आणि भावाला दाखवलं. साच्यात चार घरं होती, एका दाबात चार चकत्या पडत. चकतीला जिथे खाच, तिथे प्रत्येक घरात पोलादाचा एक उंचवटा होता. तो घासून टाकला की चकती पूर्ण गोल. काम फार नव्हतं. पण साच्यातलं पोलाद काढता येतं, परत घालता येत नाही. डाग देऊन भरलेल्या पोलादावर तिचा विश्वास नव्हता.

"घासू?" तिने विचारलं.

"घास," तो म्हणाला.

"मग माझी खाच?" मुलगी म्हणाली.

आत्याने कानांवर आवाज अडवणारी झाकणं चढवली आणि कामाचं टेबल आवरायला घेतलं. बाप मुलीला घेऊन घरी आला.

रात्री सगळे जेवायला बसले. मुलगी भाताचे डोंगर करून मोडत होती. बायकोने एकदा काय झालं म्हणून विचारलं, पुन्हा विचारलं नाही. नवऱ्याने दोन घास खाल्ले आणि खिशातून चकती काढून टेबलाखाली बोटांत फिरवायला लागला. चार दिवस हेच चाललं होतं. झोपताना फिरवायची, फोनवर बोलताना फिरवायची. त्याच्या हाताला ती कधी खुपली नव्हती, म्हणून तर त्याला शंका आली नाही.

"अहो, हात थांबवा जरा," बायको म्हणाली. "ताट हलतंय."

हात थांबला. तर्जनी खाचेत होती, अगदी घट्ट बसलेली. त्याने हात टेबलावर घेतला. हात उजवा होता. चकतीची कोरी बाजू वर होती, बेडूक खाली.

त्याने ती पालथी केली. बोट सुटलं. पुन्हा उलटली, बोट बसलं.

बहिणीला फोन लावला तर तो वाजतच राहिला. तिच्या कानांवर झाकणं होती. तो खरकट्या हाताने उठला, एका पायात स्वतःची आणि दुसऱ्यात बायकोची चप्पल घालून दोन गल्ल्या पळत गेला. कोपऱ्यावरूनच त्याला ग्राइंडरचा आवाज आला. त्याने आत शिरून आधी बटण बंद केलं आणि मग बोलायला तोंड उघडलं, पण दम नव्हता.

एका घरातला उंचवटा गेला होता. तीन शिल्लक होते.

त्याने तिच्या उजव्या हातात चकती दिली, कोरी बाजू वर करून. बहिणीने बोट अडकवलं.

"चार दिवस खिशात घेऊन फिरत होतास," ती म्हणाली. "निदान चप्पल तरी बघून घालायचीस."

अडचण एवढीच उरली, की कोऱ्या बाजूने चकती फेकायची हे पोरांना सुचणार कसं? तिथे बेडूक कोरायला वेळ नव्हता. पण चकतीवर उठाव हवा तर साच्यात खड्डा लागतो, म्हणजे पोलाद काढायचंच काम. बहिणीने साच्याचा दुसरा, कोऱ्या बाजूचा भाग ड्रिलखाली धरला आणि प्रत्येक घरात दोन खड्डे पाडले. चकतीवर दोन डोळे आले. डावऱ्यांनी बेडूक वर ठेवायचा, उजव्यांनी डोळे.

दुसऱ्या दिवशी नातवंडांनी कप सोडून बाकी सगळं रिंगणात टाकलं. व्यापाऱ्याने चकत्या हातात घेऊन बघितल्या आणि चारांतली एक खाचेविना बोडकी का, असं विचारलं. भाऊ पायांची जागा बदलायला लागला. बहिणीने तोंडावरची रेषही न हलवता सांगितलं, तीच तर हुकमाची. नेम धरता येत नाही, पडली तर दुप्पट गुण. व्यापाऱ्याला ते पटलं. साचा आहे तसा ठेवा, म्हणाला.

घरी आल्यावर मुलीने सगळ्या चकत्या जमिनीवर मांडल्या. तीन तिच्या हातात बसत होत्या. चौथीला बोट अडकवायला जागाच नव्हती. तिने ती उलटसुलट करून काठ चाचपला.

"ही कोणाची?"

"कोणाचीच नाही," बाप म्हणाला. "मी घास म्हणालो होतो, त्यातली आहे ती."

तिने बाकीच्या तीन खोक्यात ठेवल्या आणि ती एक ठेवून घेतली. जेवायला बसली तरी ती बोटांत फिरवत होती, डाव्या हातातून उजव्या हातात, परत डाव्या. ताट हलत होतं. बापाने तिला थांब म्हटलं नाही.