चौदाव्या पानावरचा तक्ता

परेशने आईची तर्जनी काचेच्या पट्टीवर टेकवली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"हलवू नकोस."

"कुकरची तिसरी शिटी झाली," लतिकाबाई म्हणाल्या.

"पंधराच सेकंद राहिलेत."

"ते भाताला सांग."

पट्टी फुटलेल्या तसबिरीतली होती. ती दोन गोल पेन्सिलींवर आडवी ठेवली होती आणि तिच्या टोकाला कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेला स्प्रिंगचा तानकाटा लावला होता. दाब सारखा राहावा म्हणून आईच्या नखावर शंभर ग्रॅमचं वजन होतं. वेळ भरताच परेशने काटा हळूहळू ओढला. काच बोटाखालून सटकली तेव्हा काटा ऐंशी ग्रॅमवर होता. टेकवल्याबरोबर ओढली, तेव्हा ती चाळिसालाच सुटली होती.

"दुप्पट! बोटाला घाम येतो आणि काच तो पीत नाही. मग कातडी मऊ होते, बोटावरच्या रेघा पसरतात, जास्त जागा काचेला टेकते. चाळीस सेकंद नुसतं थांबलं की झालं."

"आणि भात तळाला लागतो," म्हणत त्या आत गेल्या.

परेशने वहीच्या चौदाव्या पानावर आकडा लिहिला. पान आलेखाचं होतं. ठसा उमटवून त्याखालचे चौकोन मोजले की बोटाची किती जागा टेकली ते कळत असे. तक्त्यात पाच नावं होती. स्वतःचं, आईचं, बहीण दीप्तीचं आणि रानशेतहून चिकूच्या करंड्या घेऊन स्टेशनवर येणाऱ्या हिरूचं. हिरूने बोट दिलं होतं, पण "बोटात काय बघतोस, पोरा? चिकू बघ," असंही ऐकवलं होतं. त्याच्या बोटाला चिकूचा चीक होता, काच सुटायलाच तयार नव्हती.

पाचवी ओळ वडिलांची. ती रिकामी होती.

प्रल्हादराव डहाणू रोडला पार्सल क्लार्क. कॉपिंग पेन्सिलीचं टोक बोटाने ओलं करून दिवसभर पावत्या लिहायचे, त्यामुळे त्यांची तर्जनी कायम जांभळी असे.

"माझं बोट सरकारी आहे," त्यांनी सांगितलं होतं. "ते ड्युटीवर असतं. आणि माझी एक पेन्सिल सापडत नाहीये."

परेशने त्या वेळी काच किंचित सरकवून तिच्याखालची पेन्सिल झाकली होती.

खरं भांडण पेन्सिलीचं नव्हतं. रेडिओखाली रेल्वेभरतीचा फॉर्म महिनाभर पडून होता. परेशला एमएस्सीला पुण्याला जायचं होतं.

"बोटं घासायला पुण्याला कशाला?" प्रल्हादराव म्हणाले होते. "एवढं शास्त्र आहे तर इन्स्टिट्यूटच्या फायनलला मला हरवून दाखव. हरवलंस तर जा. नाहीतर फॉर्मवर सही."

रेल्वे इन्स्टिट्यूटच्या कॅरममध्ये ते सात वर्षं कुणाला हरले नव्हते.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यातल्या त्या रविवारी हॉलमधला पंखा बंद ठेवला होता, पावडर उडू नये म्हणून. पंच होते गुड्स गार्ड चिमणभाई. दोघांनी एकेक बोर्ड घेतला होता. तिसऱ्यात परेशला घाम फुटला.

बाप-लेकांचा नेमाचा प्रकार एकच होता. स्ट्रायकरमागे बोट टेकवायचं आणि पुढे ढकलायचं. पण प्रल्हादराव तेल लावलेल्या केसांवरून बोट फिरवत, टेकवत आणि तेवढ्यात मारत. परेश बोट टेकवून कोन मोजायचा. तो कोन बरोबर निघायचा आणि स्ट्रायकर अर्ध्यावर दम तोडायचा. थांबलेलं बोट चिकटतं हे त्याच्याच वहीत होतं. तरी नेम लागेपर्यंत बोट उचलायचं त्याला सुचत नव्हतं.

"शास्त्रीबुवा, बोर्डाला फेविकॉल लावलाय का?" मागून कुणीतरी ओरडलं.

राणी प्रल्हादरावांनी केव्हाच कव्हर केली होती. आता बोर्डावर दोनच सोंगट्या उरल्या. परेशची काळी मधोमध होती. प्रल्हादरावांची पांढरी पॉकेटच्या तोंडाशी, फुंकर मारली तरी पडेल अशी. आणि पाळी त्यांची.

परेशने खिशातलं पेन चाचपलं. सहीला लागणार होतं.

प्रल्हादरावांनी स्ट्रायकर ठेवला. केसांवरून बोट फिरवलं नाही. ते बोर्डावर टेकवलं आणि थांबले.

"प्रल्हादराव, शॉट मारताय की ध्यान लावताय?" चिमणभाई म्हणाले. "चालो, चालो."

"नेम धरतोय."

"तोंडाशी आलेल्या सोंगटीला नेम?"

हॉलमध्ये हशा पिकला. प्रल्हादराव हसले नाहीत. ते सोंगटीकडे नाही, चिमणभाईंच्या डोक्यावरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. परेशनेही सवयीने काट्याकडे पाहिलं आणि सवयीनेच मोजत राहिला. तीस. पस्तीस. चाळीस.

प्रल्हादरावांनी मारला. बोट अडखळलं, स्ट्रायकर रांगत निघाला आणि पांढरीच्या दोन बोटं अलीकडे थांबला.

"दमट हवा," प्रल्हादराव म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले.

"सात वर्षं काय कोरडी होती?" चिमणभाईंनी विचारलं.

परेशने बोट केसांवरून फिरवलं, टेकवलं आणि कोन न मोजता स्ट्रायकर मारला. काळी पॉकेटमध्ये गेली.

घरी येईपर्यंत प्रल्हादराव वाटेत फक्त एवढंच बोलले की पुण्यात डास फार, मच्छरदाणी ने.

परेशने वही उघडली. चौदाव्या पानावर, आईच्या चाळीस सेकंद, ऐंशी ग्रॅम या आकड्यांशेजारी, एक जांभळा ठसा होता. वाचताना ओळीवर बोट ठेवून पुढे सरकायची प्रल्हादरावांची सवय, इथे मात्र ते सरकलेलं नव्हतं. रेघा स्वच्छ उमटल्या होत्या.

"माझी पेन्सिल दे आता," बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

"देतो, बाबा. दोन मिनिटं."

त्याने भिंग काढलं आणि ठशाखालचे चौकोन मोजायला घेतले. आकडा पाचव्या ओळीत भरला. 'किती वेळ टेकवलं' हा रकाना राहिला होता. तिथे त्याने चाळीस लिहिलं. मग काचेखालची पेन्सिल काढली, तिला टोक केलं आणि ती द्यायला बाहेर गेला.