खुंट्याला बांधलेलं कापड

रविवार उजाडला की संतपूरच्या पलीकडच्या शिवारात त्या पत्र्याच्या शेडासमोर जीपगाड्यांची रांग लागायची. भालकीकडची, उदगीरकडची, आळंदकडची माणसं यायची. कुणाच्या पोटात गाठ, कुणाच्या जिभेवर, कुणाच्या छातीत. आत सतरंज्या अंथरलेल्या. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष आणि मधल्या चौरंगावर भंडारी अप्पा. कपाळभर हळद, अंगावर हळदीत बुडवून वाळवलेली शाल आणि त्या शालीतून मधूनच डोकावणारं पट्ट्याचं मोठं घड्याळ.

"डागतर फोटो काढतो, मी मूळ काढतो," अप्पा म्हणायचा. "सुई अंगाला जाळती. भंडारा विषाला वढतो. आता तुमीच बगा कुनाचं खरं."

रीत ठरलेली होती. रोग्यानं धुतलेलं पांढरं कापड दुखण्याच्या जागेवर एक दिवस बांधायचं, रविवारी ते सोडून आणायचं. अप्पा त्यावर भंडारा, म्हणजे हळद, फासायचा. पप्पू नावाचा त्याचा चाळिशीचा चेला गडू भरून तीर्थ द्यायचा. अप्पा ते शिंपडायचा आणि पिवळं कापड सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लालभडक व्हायचं. विष उतरलं म्हणून बायका हात जोडायच्या.

आधी पप्पूच्या स्वतःच्या कापडावर तीर्थ शिंपडलं जायचं. ते पिवळंच राहायचं.

"ह्याला रोग न्हाई, ह्याचं कापड पिवळं. तुमचं बी हुईल. दर रविवारी लाली कमी कमी हुईल. पार पिवळं झालं की समजा सुटलात. पन सुई आन भंडारा एका अंगात ऱ्हात न्हाईत. कुनाला ठिवायचं ते तुमीच ठरवा."

पुरुषांच्या बाजूला सिद्धराम बसला होता. बसवकल्याणच्या मार्केटात त्यानं पस्तीस वर्षं आडतीचा काटा धरलेला. माल तोलताना लोक पारड्याकडे बघतात आणि चोरी हातात असते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो कापडाकडे बघतच नव्हता. तो पप्पूचे हात बघत होता. पप्पूच्या मागं दोन घागरी होत्या. स्वतःच्या कापडासाठी त्यानं उजवीतून गडू भरला. रोग्यांसाठी भरताना हात डावीत जात होता.

तेवढ्यात त्याच्या बहिणीचं नाव पुकारलं. विमलबाई उठली. डोक्यावरचा पदर घट्ट धरून चौरंगापाशी गेली. केस गळाले होते, म्हणून पदर घट्ट. छातीतल्या गाठीसाठी बिदरच्या हॉस्पिटलात तिनं केमोच्या दोन सुया घेतल्या होत्या. सहा घ्यायच्या होत्या. तिसरीची तारीख या अप्पाच्या नादात निघून गेली होती.

अप्पानं तीर्थ शिंपडलं. कापड जरासं तांबूस झालं, एवढंच.

"बग अक्का. पैल्या रविवारी कसं रगत सांडल्यासारखं होतं. आता पुढच्या रविवारी पिवळं. झोप लागायली का?"

"लागायली," विमलबाई म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

जीपमध्ये तिचा नवरा अंकुशराव गालातल्या गालात हसत होता. हॉस्पिटलातून फोन आला होता, गुरुवारपर्यंत आणा, याहून उशीर केलात तर पहिल्या दोन सुयांचाही उपयोग राहणार नाही. अंकुशरावानं फोन कापला होता.

"दाजी, गुरुवारी न्यायचं काय करायलात?" सिद्धरामनं विचारलं.

"कामून न्यायचं? पिवळं व्हायलं की कापड. तुमाला कशावरच इस्वास न्हाई."

"माजा काट्यावर बी न्हवता. म्हनून पस्तीस वर्षं टिकलो."

"सुईनंतर तिला वकताना तुमी बगितलं न्हाई, अण्णा." अंकुशराव बाहेर बघत म्हणाला. "मला बगवत न्हाई."

सिद्धरामनं बघितलं होतं. त्याची बायको गौरम्मा दोन वर्षांपूर्वी याच रोगानं गेली. सगळ्या घरानं मिळून तिला सांगितलं होतं, साधी गाठ आहे, उन्हाळ्याच्या आत बरी होशील. सर्वांत जास्त वेळा सिद्धरामनंच सांगितलं होतं. ती विचारायची, मला काय झालंय ते एकदा नीट सांगा. तो उठून दावणीकडे जायचा. शेवटी तिनं विचारणं सोडलं. गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की त्या सहा महिन्यांत तिच्याशी खरं असं कुणी बोललंच नाही. म्हणून तर विमलच्या दुखण्याचं कळताच तो बसवकल्याणहून येऊन संतपूरला तिच्या घरी राहिला होता. पण येऊन करायचं काय, ते त्याला उमजत नव्हतं.

घरी आल्यावर तो ओसरीवर तंबाखू मळायला बसला. शेजारी विमलबाईनं वाळत टाकलेलं ते कापड वाऱ्यानं खाली पडलं. त्यानं उचललं, घडी घातली आणि पुन्हा तंबाखू चोळायला लागला. हाताकडे लक्ष गेलं तर तळवा लाल.

त्यानं तळव्याचा वास घेऊन पाहिला. हळद. मग शेजारच्या डबीकडे पाहिलं. चुना.

आणि त्याला गौरम्माचे हात आठवले. पोराच्या लग्नात नवरा-नवरी दारात आली, तेव्हा ओवाळायला तिनं ताटात ओकळी केली होती. हळदीच्या पाण्यात चुन्याचं बोट फिरवलं की लाल पाणी तयार. नजर काढायला इकडे घरोघर करतात. दोन दिवस तिची बोटं लाल होती.

तो उठला. कोनाड्यात अप्पानं दिलेल्या तीर्थाच्या तीन बाटल्या होत्या. रोज कापड भिजवून दुखण्यावर ठेवायला एकेका रविवारी एकेक दिलेली, आजची भरलेली, आधीच्या दोन्हींत अर्धं अर्धं उरलेलं. त्यानं त्या उजेडात धरल्या. पहिलीच्या तळाशी बोटभर पांढरा गाळ. दुसरीत नखाएवढा. तिसरीत नुसती धूळ. त्यानं एका ताटलीत हळदीचे तीन ठिपके केले आणि प्रत्येकावर एकेका बाटलीतलं पाणी सोडलं. पहिला ठिपका लालभडक झाला, दुसरा विटकरी, तिसरा तांबूस.

गाठ कमी होत नव्हती. चुना कमी होत होता.

ताटली हातात घेऊन तो वळला, तर दारात विमलबाई उभी. आता ताटली लपवावी आणि दावणीकडे निघून जावं, असं त्याला क्षणभर वाटलं. पाय तसे वळलेही. मग तो तिथंच खाली बसला.

"बस विमल. तुला एक दाखवायचंय. वाईट हाय."

तिनं ताटलीकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"ओकळी हाय ती," ती म्हणाली. "मला ठाव हाय."

"कवापासून?"

"दुसऱ्या रविवारी. किती लग्नांत केलीय मी, अण्णा. मी न्हाई वळखणार?"

"मग कामून जायलीस?"

ती खांबाला टेकून बसली. "हॉस्पिटलात कागुद बगतात. घरात ह्यांनी माज्याकडं बगायचंच सोडलंय. शेजारनी येतात त्या रडून जातात, मग त्यांनाच मी पानी द्यायचं. तिथं सतरंजीवर बसलं की बाजूची बाई इचारती, रातच्याला झोप लागली का, तोंडाला चव हाय का. अप्पा बी इचारतो. लबाड हाय, पन इचारतो. मनात म्हनलं, रंग खोटा असंल, पन एकांदं खरं बी असंल की त्यात. वळखून न वळखल्यावानी केलं."

सिद्धरामला यावर अप्पाचा राग यायला हवा होता. त्याला स्वतःचाच आला.

"झोप लागायली का तुला?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"काय वाटतं?"

"मराय भेव वाटतं," विमलबाई म्हणाली. आणि मग पुष्कळ वेळ बोलत राहिली. तो उठला नाही.

गुरुवारी तिघंही लाल बसनं बिदरला गेली. अंकुशराव आधी येत नव्हता. विमलबाईनंच त्याला सांगितलं, "तुमी बगू नका. नुसतं बाजूला बसा." डॉक्टरीणबाई उशिराबद्दल रागावल्या. मग तपासून म्हणाल्या, "दोन सुयांनी गाठ लहान झाली होती. आताही पहिल्यापेक्षा लहान आहे, पण वाया घालवायला वेळ नाही. राहिलेल्या चार घ्या, मग ऑपरेशन. सगळं बरं होईल अशी लेखी हमी मी देणार नाही. पण उपचार लागू पडतोय, हे मात्र खात्रीनं सांगते."

पलीकडच्या खाटेवर हुमनाबादची धनलक्ष्मी होती, पाचवी सुई घेत. डोक्यावर रुमाल.

"अक्का, केसासाठी रडू नका," ती म्हणाली. "माझे गेले तर उवा बी गेल्या. तिसऱ्या दिवशी तोंड कडू व्हतं, तवा लिंबाची फोड चगळा. आन रातच्याला भेव वाटलं की मला फोन लावा. मी बी जागीच असते."

विमलबाई हसली. अंकुशरावानं कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडाकडे बघितलं.

येताना बसमध्ये सिद्धराम म्हणाला, "आता रविवारी न्हाई गेलं तर चालतंय की."

"जायाचं," विमलबाई म्हणाली. "त्या सतरंजीवर माज्या ओळखीच्या अकरा बाया हाईत."

रविवारी दोघांनी दोन्हीकडून धरून तिला जीपमध्ये बसवलं. नाव पुकारल्यावर ती कापड घेऊन चौरंगापाशी गेली.

"अप्पा, चूक झाली. मी सुई घेऊन आले."

अप्पानं डोळे मिटले. पप्पूकडे बघून मान हलवली, आणि सिद्धरामनं पाहिलं, पप्पूचा हात डावीकडच्या घागरीत पार तळापर्यंत गेला. भंडारा फासून तीर्थ शिंपडताच कापड रक्तासारखं लाल झालं.

"बगा," अप्पा कापड उंच धरून म्हणाला. "तीन रविवार वढलेलं इष एका सुईनं भडकलं. आता माज्या हाती न्हाई बाई."

मागं एक बाई हुंदका देऊन रडायला लागली. तिचीही तारीख जवळ आली होती.

"अप्पा," विमलबाई म्हणाली, "हे कापड मी अंगाला लावलंच न्हाई. कालपासून म्हशीच्या खुंट्याला बांदलं होतं."

कुणीतरी फिसकन हसलं.

"खुंट्याला कॅन्सर झालाय का, अप्पा?" विमलबाईनं विचारलं.

आता पुरुषांच्या बाजूलाही हसू फुटलं. पण अप्पा मुरलेला होता. "तू सोडून आनलंस न्हवं? तुज्या हाताचं इष लागलं त्याला."

"व्हय, तसं बी असंल." तिनं पिशवीतून पहिल्या रविवारची बाटली काढली, खळखळ हलवली. "हे तुमच्याच हातचं तीर्थ. ह्याला तर इष न्हाई?"

अप्पा काही बोलायच्या आत तिनं ती त्याच्या खांद्यावर ओतली. हळदीच्या शालीवर लाल ओघळ उतरले, खांद्यावरून छातीवर, छातीवरून मांडीवर.

"तुमाला बी झाला की," विमलबाई म्हणाली.

पुढच्या रांगेत बसलेली म्हातारी चंद्रभागाबाई गुडघ्यांवर हात टेकून उठली. तिनं शालीचं टोक चिमटीत धरलं, बोटं चोळली, नाकाला लावली.

"अगं बायांनो, ही ओकळी हाय," ती म्हणाली. "हळद आन चुना. नातवाच्या लग्नात परवा केली मी. कशी वळखली न्हाई गं?"

मग सिद्धराम उठला. त्यानं डावीकडची घागर उचलून सगळ्यांसमोर आडवी केली. पाणी वाहून गेलं आणि तळाशी पांढरा चुना राहिला. उजवीतून नुसतं पाणी निघालं. काटा धरणाऱ्या माणसाच्या सवयीनं त्यानं दोन्ही घागरी शेजारी शेजारी ठेवल्या, म्हणजे सगळ्यांना नीट दिसावं.

पुढच्या रविवारी शेडाला कुलूप होतं. अप्पा हद्द ओलांडून तेलंगणात गेला म्हणतात. तिथं आता कापड आहे की दुसरं काही, कोण जाणे. आणि हेही सांगायला हवं, की त्या दिवशी ओकळी बोटांनी चोळून पाहिलेल्या बायांपैकी दोघी अजून विचारतात, अप्पा कुठं भेटतील. एवढ्यानं सगळ्यांचे डोळे उघडले असं म्हणणं हाही एक चमत्कारच सांगणं होईल.

विमलबाईच्या अजून तीन सुया राहिल्यात. पुढं काय होईल ते तिला माहीत नाही, डॉक्टरीणबाईंनाही पुरतं माहीत नाही. पण रविवारी तिच्या ओसरीवर सतरंजी असते. आठ-नऊ बाया येतात. कुणाची तारीख कधी, सोबत कोण जाणार, हे ठरतं. आपल्याला बोलता येत नाही, असं अंकुशराव म्हणतो. म्हणून तो चहा करतो आणि तिथंच बसतो.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. हळदीत चुना पडला की ती लाल होते. दगडावर होते, खुंट्यावर होते, अप्पाच्या शालीवरही होते. कुणी असा रंग दाखवून तारीख चुकवायला सांगत असेल, तर घरी एक ताटली घ्या आणि स्वतः करून बघा. हॉस्पिटलची तारीख चुकवू नका. आणि घरात कुणी आजारी असेल, तर त्याला खोटं सांगून दावणीकडे निघून जाऊ नका. शेजारी बसा. झोप लागली का, ते तुम्हीच विचारा. तुम्ही विचारलं नाहीत, तर विचारणारा कुणीतरी घागर घेऊन बसलेलाच असतो.