ग्रुपातला ढावलो

राखीचं लग्न ठरलं तेव्हा सगळे म्हणाले, ढावल्याची काळजी नाही, तो ग्रुपात आहे.

ढावलो म्हणजे आमच्या तांड्यात नवरी निघताना याडीच्या, म्हणजे आईच्या, नि बापाच्या गळ्यात पडून रडत म्हणते ते गाणं. तो पूर्ण फक्त माझ्या बहिणीला, सुखीबाईला येत होता. राखी तिची नात. सुखीबाई फोनमध्ये बोलून ग्रुपात ढावलो पाठवायची. ग्रुपात पुरुषमाणसंही होती, म्हणून पोरी लाजून नुसत्या ऐकत. बाया लिहीत नसत, बोलूनच पाठवत. लिहिणारा मी एकटा, नवाच शिकलेला.

पौषात सुखीबाई गेली. मग ज्या ॲपवर तो ग्रुप होता, ते ॲपच बंद होणार असल्याची सूचना आली. माझी सून उज्ज्वला दिग्रसला कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला आहे. ग्रुपातलं सगळं, आवाजासकट, तारीखवार उतरवून ठेवणारं सॉफ्टवेअर तिनं लॅपटॉपात आणलं. सुखीबाईचा मुलगा, राखीचा बाप बबलू, तिला घेऊन आला. आम्ही चहा पीत पडद्याकडे बघत बसलो.

"बाबा, बाकी सगळं आलं," उज्ज्वला म्हणाली. "आत्याबाईंचं काहीच नाही."

"नीट पाह्य."

"पाहूनच राह्यली. जिथं तिथं 'खाते काढून टाकले आहे' असंच येते."

बबलूनं कप खाली ठेवला. "ते मीच काढलं."

"काय काढलं?"

"याडीचं खातं. तिसऱ्या दिवशी तिची खाट, अंगावरची फेटिया-कांचळी सारं शिवेबाहेर नेलं ना, मामा? मेल्या माणसाचं घरात ठेवलं तं जीव अडकते म्हणतात. फोन उघडला का आईचं नाव दिसे. मले वाटलं, हेबी त्यातलंच."

"भाऊजी, त्यापेक्षा फोन फेकला असता तं परवडलं असतं," उज्ज्वला म्हणाली. "फोन गेला तरी आवाज राहते. खातं मिटवलं का तिचे सारे आवाज जाते."

"फोन कायले फेकू? चांगला होता."

मी राखीला विचारलं, "तुमच्या कोणाच्या फोनात उतरवलेलं असन?"

"नाही ना, आजा. जागा भरे, म्हून आम्ही पुसत गेलो. ग्रुपात हायेच म्हून."

उज्ज्वलानं पडदा माझ्याकडे फिरवला. सुखीबाईच्या जागी रिकामी ओळ, खाली माझं 'वा बाई'. रिकामी ओळ, खाली 'अजून म्हण'. पुन्हा रिकामी, खाली 'हे आपली याडी म्हणायची'. माझं एकही अक्षर हरवलं नव्हतं.

"आजा, तुले तं आठवत असन?" राखीनं विचारलं.

मी तोंड उघडलं. याडीला मारायची पहिली हाक आठवली. पुढं काही नाही. ती हाक मी दोनदा मारली. राखी माझ्या ओठांकडेच बघत होती.

"जपून ठेवू का हे?" उज्ज्वलानं विचारलं.

तेवढ्यात मंडपवाल्याचा बबलूला फोन आला. पोरगी निघताना कोणतं गाणं लावू, असं तो विचारत होता.

"लाव तुले पटन ते," बबलू म्हणाला.