वरचा सूर

“आता त्याच्यासाठी थांबायचं नाही,” अमिल्कारने पेला टेबलावर आपटला. “सलग पाचवा शुक्रवार हा. राजेसाहेबांना पालखी पाठवायची का?”

गुत्त्यात हशा पिकला. दारूच्या पिंपांपाशी वीसेक पुरुष खांद्याला खांदा लावून उभे होते. कुणी ऑलिव्हच्या बागेतून आलेलं, कुणी नांगरटीतून, कुणाच्या बुटांना अजून ओली माती. पुढच्या रांगेत एका माणसाची जागा मोकळी होती आणि तिच्यात सरकायला कुणी तयार नव्हतं.

अमिल्कार हा गावचा पोस्टमन आणि गायनमंडळाचा म्होरक्या. त्यांच्या गाण्याला वाद्य नसे. आधी अमिल्कार एकटा खालच्या पट्टीत कडवं म्हणे. मग वरचा सूर लावणारा एकट्यानेच पुढची ओळ उचले आणि तिच्यामागून सगळे. पंचवीस वर्षं ती ओळ बेल्मिरूने उचलली होती. हा बेल्मिरू ओकच्या झाडांची बुचाची साल काढणारा रोजंदारीचा मजूर. लिहिता-वाचता येत नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. पण त्याने सूर लावला की गुत्तेवाला पेले विसळायचा थांबे. आठवड्याचे सहा दिवस तो मालकाचा असे. शुक्रवारची संध्याकाळ तेवढी त्याची स्वतःची.

“किंतीनू, आजपासून वरचा सूर तू लावायचा.”

किंतीनू सुतार दचकला. “मी? बेल्मिरूकाका असताना?”

“आहेत कुठे काका? मला दाखव.”

किंतीनूने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. पण अमिल्कारने कडवं सुरूही केलं होतं.

दुसऱ्या दिवशी अमिल्कारला बेल्मिरू चौकातल्या झऱ्यावर भेटला. बायका घागरी भरत होत्या. अमिल्कारने सायकल उभी केली आणि सगळ्यांच्या देखत तोफ डागली. “मे महिन्यात लिस्बनहून रेडिओची माणसं यायची आहेत आपलं गाणं घ्यायला, ठाऊक आहे ना? आणि तुझं हे असं. पाय धरायला हवेत का लोकांनी तुझे? देवाने गळा दिला, त्याच्याबरोबर थोडी अक्कलही द्यायची होती.”

बेल्मिरूने टोपी पुढे ओढली. ओठ मिटूनच तो किंचित हसला, घागर खांद्यावर घेतली आणि निघून गेला.

“बघा, बोलायचीसुद्धा तयारी नाही,” अमिल्कार बायकांना म्हणाला. त्या हसण्यात त्याला गुर्मी दिसली होती.

मे महिन्यात रेडिओची माणसं आली, गाणं घेऊन गेली. किंतीनूने ओळ बरी उचलली. ज्या रविवारी ते गाणं रेडिओवर लागलं, त्या दिवशी सारं गाव गुत्त्यात दाटीवाटीने बसलं होतं. बेल्मिरू रस्त्यापलीकडच्या भिंतीला टेकून उभा आहे, असं कुणीतरी येऊन सांगितलं. “उभा राहू दे,” अमिल्कार म्हणाला. “ऐकू दे, त्याच्यावाचून काही अडत नाही ते.” हे म्हणताना त्याला बरं वाटलं होतं. पुढे ते बरं वाटणंच त्याला सगळ्यात जास्त डाचत राहिलं.

त्यानंतर वर्षाहून अधिक काळ गेला. सप्टेंबरातल्या एका दुपारी अमिल्कारच्या थैलीत बेल्मिरूच्या नावाचा सरकारी लिफाफा निघाला. एरवी तो दाराखालून पत्र सरकवून निघून गेला असता. पण दार उघडंच होतं आणि बेल्मिरू जेवायला बसला होता. पुढ्यात लसूण-कोथिंबिरीच्या गरम पाण्यात भिजवलेला पाव, चमच्याने खाता येईल इतका लगदा झालेला. पावाचे कडक पापुद्रे काढून कोंबड्यांसाठी बाजूला ठेवले होते. माणूस निम्मा झाला होता. गळ्यापाशी सदऱ्यात मूठ जाईल एवढी जागा.

“आलाच आहेस तर वाचून दाखव,” बेल्मिरू तोंडावर हात धरून म्हणाला.

अमिल्कारने उभ्याउभ्याच वाचायला घेतलं. “आपण दोन वर्षांपूर्वी केलेल्या कवळीच्या मागणीसंदर्भात कळवण्यात येते की, सोबत दंतवैद्याचा दाखला नसल्याने अर्ज नव्याने...” तो थांबला. “कवळी? कुणाची कवळी?”

बेल्मिरूने तोंडावरचा हात काढला. तोंडाचं पार बोळकं झालं होतं. खाली एका कडेला दोन काळे खुंट तेवढे उरले होते.

“शाळेतल्या बाईंनी अर्ज भरून दिला होता,” तो म्हणाला. त्याचा प्रत्येक ‘स’ फुसकन निसटत होता. “आधी दोन पडले. तोवर जमवून घेतलं. मग पुढचे सगळेच गेले. गाताना शब्दांतून नुसता वारा. एका शुक्रवारी ओळ उचलली आणि थुंकी उडाली ती किंतीनूच्या गालावर. पोरगा चांगला, काही बोलला नाही. बाहीने पुसलं. मग नाही आलो.”

“अरे पण मला सांगायचंस!”

“कधी?”

“झऱ्यावर मी तुझ्याशी बोलायला आलो होतो ना?”

बेल्मिरूने भिजलेल्या पावात चमचा फिरवला. “तू विचारायला नव्हता आलास, अमिल्कार. तू सांगायला आला होतास. आणि एवढ्या बायकांपुढे मी काय तोंड उघडून दाखवायचं होतं?”

अमिल्कार पत्राची घडी घालत राहिला. घडी घालून झाली तरी त्याला ते खाली ठेवता येईना.

त्या शुक्रवारी त्याने मंडळापुढे विषय काढला. रेडिओवाल्यांनी दिलेल्या मानधनातून सगळ्यांना नवी जाकिटं शिवायची ठरली होती. “जाकिटं राहू देत,” तो म्हणाला आणि काय झालं ते त्याने सांगितलं. झऱ्यावरचं आपलं बोलणंही वगळलं नाही. कुणीही आडकाठी केली नाही. किंतीनू तेवढा खाली मान घालून म्हणाला, “मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. तुम्ही इतके जुने दोस्त.”

कवळीसाठी बेजा शहराच्या पाच फेऱ्या झाल्या. कधी खुंट काढायला, कधी माप द्यायला, कधी नुसतंच ‘हिरड्या अजून भरल्या नाहीत’ हे ऐकून परत यायला. दर वेळी अमिल्कार रजा टाकून बरोबर गेला. ईस्टरच्या दोन आठवडे आधी कवळी बसली. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर बेल्मिरूने बाजारातून एक सफरचंद घेतलं आणि बस थांब्याच्या बाकावर बसून चावलं. कचकन आवाज झाला. तो क्षणभर थबकला, मग बियांसकट सगळं खाऊन टाकलं. हनुवटीवरून ओघळणारा रस पुसायचंही भान त्याला नव्हतं. अमिल्कार बसचं वेळापत्रक वाचत असल्यासारखा तोंड फिरवून उभा राहिला.

“शुक्रवारी येतोस?” त्याने न वळताच विचारलं.

“येतो की.”

शुक्रवारी गुत्ता भरला होता. पुढच्या रांगेतली जागा किंतीनूने स्वतःहून मोकळी केली. अमिल्कारने कडवं म्हटलं आणि तो थांबला. बेल्मिरूने डोळे मिटले, ओळ उचलली. प्रत्येक शब्द स्वच्छ, प्रत्येक ‘स’ जागच्या जागी. सूर अर्ध्यापर्यंत चढला आणि तिथे फाटला. त्याने पुन्हा उचलला. पुन्हा तिथेच. तिसऱ्या वेळी अमिल्कारने मुद्दाम खालून सुरुवात करून दिली, तरी सूर वर जाईना. अडीच वर्षांत न गाता, न धड खाता, तो गळा बासष्टीचा झाला होता.

कुणी पेल्याला हात लावला नाही.

“शब्द नीट निघतात,” बेल्मिरू म्हणाला. “वर तेवढं जाता येत नाही.” मग किंतीनूचा दंड धरून त्याने त्याला पुढे ओढलं. “तूच लाव, बाबा. मी मागे उभा राहतो.”

घरी जाताना अमिल्कार त्याच्याबरोबर वळणापर्यंत चालला. “त्या दिवशी मी विचारलं असतं तर...”

“तर जाकिटं वर्षभर आधीच गेली असती,” बेल्मिरू म्हणाला आणि मोठ्याने हसला. “बायकोची बहीण कोकरू रांधणार आहे ईस्टरला. हाडं चघळून खाणार आहे मी. तू जा आता घरी.”

जूनमध्ये गावची जत्रा आली. मंडळ रिवाजाप्रमाणे एकमेकांच्या हातांत हात अडकवून, संथ पावलं टाकत रस्त्याने निघालं. सगळ्यांच्या अंगात जुनीच जाकिटं. सगळ्यांत पुढे अमिल्कार. त्याने कडवं म्हटलं, किंतीनूने ओळ उचलली आणि मागून सगळा घोष उसळला. बेल्मिरू शेवटच्या रांगेत होता. चालत गाताना म्होरक्याने मागे वळून बघायचं नसतं. अमिल्कार समोर नजर ठेवून चालत होता आणि त्या वीस आवाजांतून एक आवाज वेगळा काढायचा प्रयत्न करत होता. चर्च आलं, शाळा मागे पडली. त्याला तो सापडला नाही.