तीनच मुद्दे

संघटनेच्या खोलीत खुर्च्या बारा आणि माणसं चाळीस. दोघं तर खिडकीच्या कठड्यावर बूड टेकून बसले होते. दादा मात्र नेहमीच्या जागी, इतिवृत्ताच्या वहीसमोर. कापड गिरणीतल्या या संघटनेचे ते एकोणतीस वर्षं सरचिटणीस, आणि कामगार कायद्याचा नवा मसुदा आल्यापासून त्यांची झोप उडाली होती.

मसुद्यात बदल ढीगभर. महासंघानं कळवलं होतं की सगळ्यांवर हरकती घेत बसू नका; प्रत्येक संघटनेनं तीनच मुद्दे पाठवा, तेही एकमतानं. दादांनी घरून चार लिहून आणले होते. चौथा होता ‘सुपरवायझर हा कामगार नाही’ या कलमाविरुद्ध. वकिलांनी त्यांना फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "दादा, हे पास झालं तर तुम्हाला संघटनेचं साधं सभासदसुद्धा राहता येणार नाही."

कारण दादा सुपरवायझर होते. दोन वर्षांपूर्वी मालकानं तसं पत्र दिलं. काम तेच, माग तेच, जास्तीचं मिळालं ते बसायला एक स्टूल. तेव्हा सगळ्यांनी त्यांची भरपूर खेचली होती, "साहेब, आता ओळख द्याल ना आम्हाला?" आठवड्याभरात सगळे विसरले. मागावर तुटलेला धागा जोडायला सगळ्यांच्या आधी धावणाऱ्या माणसाला साहेब कोण म्हणणार!

कंत्राटी नोकऱ्या, अपघाताची भरपाई आणि संपाची नोटीस, हे तीन मुद्दे पटापट ठरले. दादांनी घसा खाकरला.

"ते सुपरवायझरांचंही एक कलम आहे," ते म्हणाले.

"सोडा हो दादा!" दाढीवाला फिटर हसत म्हणाला. "ती मालकाची माणसं. त्यांची वकिली आपण कशाला करायची?"

"चौथा कटाप!" कुणीतरी ओरडलं. खोलीत हशा पिकला.

मतदान हात वर करून. दादांनी मोजले, एकोणचाळीस.

"दादा, तुमचा राहिला की! एकमत पाहिजे ना?"

या लोकांसाठी दादा मालकाच्या टेबलावर मूठ आपटून बोलले होते. स्वतःसाठी बोलणं मात्र त्यांना जमेना. फार एकटं वाटलं त्यांना. त्यांनी हात वर केला. टाळ्या पडल्या. वहीत त्यांनी लिहिलं, ‘एकमतानं मंजूर’.

माणसं जिना उतरू लागली. महासंघाच्या अर्जावर दोन सह्या लागत होत्या. दुसरी करायला बॉबिन खात्यातली मावशी थांबली. अर्जात नावापुढे गिरणीतला हुद्दा लिहायचा होता. दादांनी खरं तेच लिहिलं आणि कागद तिच्याकडे सरकवला. मावशीनं वाचलं. तिचं पेन थांबलं.

"अगं बाई! दादा, आम्ही हे काय करून बसलो? तुम्ही बोलला का नाहीत हो?"

"ओठांवर आलं होतं. पण वाटलं, कुणीतरी दुसऱ्यानं म्हणावं."

"लक्षातच आलं नाही हो कुणाच्या." मावशीला रडू आवरेना.

"तेच तर," दादा म्हणाले. "तुम्ही मला कधी सुपरवायझर मानलंच नाहीत. मग मी कोणत्या तोंडानं आठवण करून देणार होतो, सांग?"